कैरोतलं ईदचं ‘कहक’, भुसावळची भट्टी आणि चव बघायला एकच तोंड

तापीची_लेक | ३ एप्रिल २०२५

दिवाळीच्या आठ दिवस आधी भुसावळला आमच्या गल्लीत एकच प्रश्न फिरायचा, “भट्टीचा नंबर लागला का वं?” रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन आई पुढे, रिकामा पत्र्याचा डबा वाजवत मी मागे. बेकरीत गेल्यावर आधी ट्रे पकडायचे, मग भिंतीला टेकायला जागा पकडायची, आणि मग रात्री दोन वाजेपर्यंत आपल्या ट्रेवर नजर ठेवायची. एका वर्षी नजर चुकली आणि आमच्या डब्यात दुसऱ्याच कुणाची, कमी मोहनाची नानकटाई घरी आली. त्याला पंचवीस वर्षं झाली, आई अजून विसरलेली नाही.

गेलं दीड वर्ष आम्ही कैरोत आहोत. नवरा ठिबकच्या कामावर, त्यामुळे तो वाळवंटात आणि मी शुब्रात. शुब्रा म्हणजे जुनी, दाट वस्ती. मुसलमान आणि कोप्टिक ख्रिश्चन एकाच जिन्यात राहतात. आमच्या तळमजल्यावर हज्जा आहेत, साठी ओलांडलेल्या. (हज करून आलेल्या बाईला तर हज्जा म्हणतातच, पण इथे वयस्क बाईलाही मान म्हणून तीच हाक.) माझ्या दारासमोर राहतात त्यांना सगळा जिना ‘तांत’ म्हणतो, म्हणजे मावशी-काकू काय हवं ते. त्या कोप्टिक.

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले आणि जिन्यात तूप कढवल्याचा वास सुरू झाला. ईदच्या सकाळी इथे कहक लागतंच. मैद्याची तुपाळ गोल बिस्किटं, आत खजूर, अक्रोड किंवा ‘अगमिया’ नावाचं तूप-मध-तिळाचं सारण, आणि वरून पिठीसाखर इतकी की खाताना श्वास घेतला तर ठसका लागतो. हज्जांनी मला हाताला धरून अत्ताराकडे नेलं. आपल्याकडे अत्तार म्हटलं की सुगंधी बाटल्या, इथला अत्तार मसाले विकतो. त्याच्याकडून कहकचा मसाला घ्यायचा. त्याचं नावच ‘रीहत अल-कहक’, कहकचा वास. त्यात महलब असतं, एका जातीच्या चेरीच्या बियांमधला गर. बाकी दालचिनी, लवंग, बडीशेप, ज्याची त्याची पुडी वेगळी.

पीठ भिजवायला तिघी बसलो. परातभर मैद्यावर कडकडीत समना, म्हणजे साजूक तूप, ओतलं तेव्हा जो चर्र आवाज आला तो थेट आमच्या ओट्यावरच्या करंजीचा. मग दोन्ही तळहातांत मैदा चोळत बसायचं, पार वाळूसारखा होईपर्यंत. नक्षीसाठी ‘मनकाश’ नावाचा दातेरी चिमटा असतो. त्याने वरचं पीठ चिमटीत धरून उचलायचं. मुरड घालायची सवय होती म्हणून मला लगेच जमलं, हज्जा खूश. बिस्किटांसाठी मात्र खिमा करायचं मशीन काढतात. त्याला पट्टी लावायची आणि दांडा फिरवला की रेघारेघांच्या लांब पट्ट्या बाहेर. मशीन धुतलंय ना, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिला घाणा हज्जांच्या ओव्हनमध्ये नमुन्यासाठी भाजला. तुपाचं प्रमाण बरोबर आलंय का, तोंडात विरघळतंय का, हे कळल्याशिवाय बाकीचं पीठ भिजवता येत नाही. वेळ दुपारी दोनची. हज्जांचा रोजा, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तांतकडे वळून बघितलं तर त्यांचाही उपास! कोप्टिक लोकांचा ईस्टरच्या आधीचा मोठा उपास ५५ दिवसांचा असतो, यावर्षी २४ फेब्रुवारीला सुरू झाला. त्यात तूप, दूध, अंडी, मटण सगळं बंद. चार दिवसांपासून दुसऱ्याच्या ईदसाठी कोपरापर्यंत तुपात हात घालणारी ही बाई स्वतः २० एप्रिलपर्यंत ते चाखणार नव्हती. आणि समोर मी. ना रोजा, ना लेंट, आणि त्या दिवशी चतुर्थीसुद्धा नव्हती.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. रोजेदारासमोर खायचं मला कसंतरीच वाटलं, मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून खाल्लं. “तमाम” म्हटलं, म्हणजे झकास. हज्जा म्हणाल्या, पाहुण्यासारखं नको सांगूस, खरं सांग. मग सांगितलं, मोहन कमी आहे. अर्धी वाटी समना आणखी पडलं. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरची एक बाई आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघी आपापल्या बशीत एकेक कहक घेऊन माझ्या दारात. जिन्यात दिवसाढवळ्या चव बघू शकणारं तोंड एकच, आणि ते खान्देशातून आलेलं. चौथ्या घरापर्यंत मी चक्क नाक मुरडायला शिकले.

भाजायला मात्र फोर्न, म्हणजे गल्लीतली भट्टी. काळे पत्रे, त्यांना ‘सागात’ म्हणतात, एकावर एक रचून पोरं डोक्यावर घेऊन जातात. नाव लिहिलेली चिठ्ठी पत्र्याच्या कडेला. तिथे पोचले आणि पाऊल थबकलं. तीच काळी भिंत, तोच लांब दांड्याचा उलथना, तेच “माझा आधी आला होता” आणि पत्र्यांवर तीच बायकांची नजर. कुणाचा तरी पत्रा बदललाच होता. काय भांडण चाललंय ते शब्द न कळता कळत होतं.

पूर्वीइतकं कुणी करत नाही, असं मात्र सगळ्याच म्हणतात. मार्च २०२४ मध्ये पाउंड मोकळा सोडला, डॉलर ३१ पाउंडांवरून ५० च्या आसपास गेला, आणि तूप-अक्रोड त्याच्या मागे. हज्जा आधी पाच किलोचं करायच्या, यंदा दोन. अक्रोडाच्या जागी खजूर.

चंद्राचा घोळ राहिलाच. शनिवारी २९ मार्चला संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर. सौदीत चंद्र दिसल्याची बातमी आली, हज्जांचा मुलगा रियाधला असतो, त्याची रविवारी ईद. आणि इजिप्तच्या दार अल-इफ्ताने, म्हणजे फतवे देणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं की इथे चंद्र नाही, ईद सोमवारी ३१ ला. म्हणजे आईचा तिसावा रोजा आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर नवे कपडे घालून. आणि तोच रविवार, ३० मार्च, आपला पाडवा! मी पहाटे बाल्कनीत गुढी उभारली. पडद्याचा दांडा, आईने दिलेला खण, आणि तांब्या भुसावळला राहिल्यामुळे कॉफी उकळायचं पितळी भांडं, ‘कनका’. निंबाचा पाला कुठे शोधू, लिंबूच्या झाडाचा लावला. साखरेचे हारकडे नव्हते, म्हणून खारकांची माळ. खालून हज्जांनी बघितलं आणि त्यांना वाटलं मी ईदची सजावट केली. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण माझी अरबी भाजीबाजारापुरती आहे. “कुल सना व इन्ती तय्यिबा” म्हणून मोकळी झाले. दरवर्षी अशीच सुखी राहा, असं काहीसं. पाडव्यालाही चालतं ते.

---

शेवभाजी_धुळे | ३ एप्रिल २०२५

ताई, वाचीसन मन भरी उनं. आमना धुळामा बी नानकटाईनी भट्टी दिवाईले रातभर चालू ऱ्हास. पन गुढीले कॉफीनं भांडं, हाई काय पटनं नही!

---

नाही_पटलं | ३ एप्रिल २०२५

लेख छान. एक दुरुस्ती. नानकटाईची खरी बहीण कहक नाही, ‘घुरय्यिबा’. मैदा, तूप, पिठीसाखर, वर एखादा पिस्ता किंवा बदाम, पाण्याचा थेंब नाही. कहकमध्ये थोडं यीस्ट पडतं आणि सारण असतं, त्यामुळे ते करंजीच्या कुळातलं. ईदच्या ताटात हे दोन्ही शेजारी असतात, तुम्ही बघितलं असणार.

---

तापीची_लेक | ४ एप्रिल २०२५

@नाही_पटलं, एकदम बरोबर. घुरय्यिबा खाताना मला रडू यायचं बाकी होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही ते काढलंच.

@शेवभाजी, आईलाही पटलेलं नाही. फोटो पाठवल्यावर तिचा पहिला प्रश्न, “त्या भांड्यात कॉफी केली होती का आधी?” मी कॉल कट केला.

---

सातपुडा_पायथा | ४ एप्रिल २०२५

मी यावल तालुक्यातला, तडवी. आमच्याकडची तयारीही लिहितो, नाहीतर लोकांना वाटेल ईद कैरोतच असते.

शब-ए-बरात झाली की आमची माय शेवयांचं मशीन काढते. लाकडी पाटाला स्क्रूने आवळायचं, एकाने दांडा फिरवायचा, एकाने खालून शेवया तुटू न देता खाटेवर नेऊन घालायच्या. खाटेवर स्वच्छ धोतर. तीच खाट, तेच धोतर, आणि पुढच्या महिन्यात त्याच अंगणात शेजारच्या पाटलीणबाईंचे बिबडे (ज्वारीचे पापड). मशीनसुद्धा एकच आहे, गल्लीत फिरतं. कुणाकडे आहे हे शोधायलाच अर्धा दिवस जातो. शीरखुर्म्यात चारोळी घालतो ती पूर्वी डोंगरातून यायची, आता किराणा दुकानातून पुडीत येते आणि भाव ऐकून माय मोजून टाकते.

ताई, तुम्ही फित्रा सोडून दिलात. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, पाळण्यातल्या लेकरामागेसुद्धा, गरिबाला धान्य किंवा पैसे द्यावे लागतात. आमचे दादा अजून गहूच मोजून देतात. त्याच्याशिवाय घरात कितीही गोड शिजलं तरी तयारी झाली असं म्हणत नाहीत.

आणि आमचे यंदा २९ च रोजे झाले. इथे रमजान २ मार्चला लागला, तुमच्याकडे १ ला. ईद मात्र दोघांची सोमवारीच.

---

तापीची_लेक | ४ एप्रिल २०२५

चुकलंच माझं. हज्जांनी कहकच्याही आधी फित्र्याची पाकिटं करून ठेवली होती. दार अल-इफ्ताने यंदा माणशी किमान ३५ पाउंड ठरवले होते. रियाधच्या मुलाचेही त्यांनीच वेगळे काढले. तो तिकडे देतोच, पण आईचा विश्वास नाही.

---

केळीबाग_रावेर | ५ एप्रिल २०२५

शीरखुर्मा, नानकटाई सगळं ठीक. आमच्याकडे रमजानची तयारी मुसलमानांच्या आधी केळीवाला करतो. भिंतीवरच्या पंचांगात माझ्या वडिलांनी एकादश्यांबरोबर रमजान लागायची तारीखही लाल पेनाने लिहिलेली असते. रोजा सोडताना खजूर आणि फळ लागतं, उत्तरेतून मागणी वाढते, आखातातही माल जातो, व्यापाऱ्यांचे फोन आपोआप सुरू होतात. ‘जळगाव केळी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाव त्या कागदावर वाढत नाही, चंद्रावर वाढतो.

अडचण एवढीच की रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. टिश्यूकल्चरची बाग लावल्यापासून घड कापायला साधारण अकरा-बारा महिने, म्हणजे हिशोब एक वर्ष आधी. २०१९ मध्ये रमजान मे महिन्यात आला होता. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, घड झाडावरच भाजून निघतो. आता थंडीकडे चाललाय. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, एका वर्षात दोन रमजान. वडील म्हणतात, तेवढं जगलो म्हणजे झालं.

---

मस्कतकर_चोपडा | ५ एप्रिल २०२५

मी ओमानमध्ये आठ वर्षं काढली. तिथे ईदच्या काही दिवस आधी ‘हबता’ भरतो, निझवाचा प्रसिद्ध आहे. बकरे, बैल, खेळणी, कपडे सगळं एका जागी. जनावर दोरीला धरून गोल फिरवतात आणि कडेला बसलेले लोक बोली लावतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या बैलबाजाराची आठवण येऊन उगाच एका बकऱ्याचे दात बघायला वाकलो. मालकाने लगेच किंमत सांगितली. पळालो.

मग ‘शुवा’. मसाला लावलेलं मटण पानांत गुंडाळून, पोत्यात घालून, निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरतात. वर माती. एक-दोन दिवसांनी काढतात. सगळ्या गल्लीचा खड्डा एकच, आणि पोत्यांना खुणेच्या तारा. म्हणजे पुन्हा तेच, माझं पोतं कोणतं आणि तुझं कोणतं.

---

इतिहासाचा_किडा | ६ एप्रिल २०२५

कहक फार जुनं आहे, फॅरोच्या काळातलं, असं इजिप्तमध्ये सगळे सांगतात. रेखमिरे या वजिराच्या थडग्यात, थीब्जला, पीठ मळून मधाच्या वड्या करतानाची चित्रं आहेत खरी, इसवी सनपूर्व पंधराव्या शतकातली. पण तेवढ्यावरून ही कहकच, असं म्हणणं म्हणजे मोहेंजोदडोत खापर सापडलं म्हणून तिथे पुरणाचे मांडे होते असं म्हणण्यासारखं.

फातिमी खलिफांच्या काळापासूनचं मात्र पक्कं धरता येतं. त्यांनी कैरो वसवलं ९६९ मध्ये. खलिफा अल-अझीझने ‘दार अल-फित्रा’ नावाचं खातंच काढलं होतं, ईदची मिठाई करून वाटण्यासाठी. रजब महिन्याच्या मध्यापासून, म्हणजे ईदच्या अडीच महिने आधीपासून, तिथे काम सुरू व्हायचं. कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात कहकचे जुने साचे आहेत, त्यावर ‘कुल व उश्कुर’ कोरलंय. खा आणि आभार मान. त्याच्याही आधीच्या इख्शिदी काळातल्या एका वजिराने कहकच्या आत सोन्याची नाणी भरून वाटली, अशी गोष्ट सांगतात.

---

शेवभाजी_धुळे | ६ एप्रिल २०२५

सोन्याचं नाणं दाताखाली आलं तर दात गेला ना भो.

---

पुण्यात_स्थायिक | ७ एप्रिल २०२५

मला एक कळलं नाही. दुसऱ्या धर्माच्या स्वयंपाकघरात इतकं घुसायची गरज काय? आणि त्यांनी तरी कधी आपली गुढी बांधू लागली का?

---

तापीची_लेक | ७ एप्रिल २०२५

गरज काहीच नव्हती. दीड वर्षात माझ्याशी नवऱ्याशिवाय जिने रोज दोन वाक्यं बोलली ती हज्जा, म्हणून घुसले. आणि गुढीचा दांडा बाल्कनीच्या गजाला टिकत नव्हता, तो तांतच्या मुलाने प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून दिला. कशासाठी आहे हे त्याने विचारलंही नाही.

---

खापरावरची | ८ एप्रिल २०२५

बाकी चर्चा चालू द्या. मला प्रमाण हवंय. एक किलो मैद्याचं.

---

तापीची_लेक | ८ एप्रिल २०२५

हज्जांचं प्रमाण: एक किलो मैद्याला सहाशे ग्रॅम तूप (होय, सहाशे, मीही दोनदा विचारलं), दोन चमचे तीळ, एक चमचा मसाला, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, एक लहान चमचा यीस्ट कोमट दुधात. तूप कडकडीत ओतायचं आणि गार होईस्तोवर चोळायचं, मगच दूध. दूध घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की दगड. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर चिकट पाक होतो. महलब नसेल तर वेलदोडा घाला, पण मग त्याला कहक म्हणू नका, हज्जा रागावतील.

---

खापरावरची | २ मे २०२५

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांड्यांबरोबर करून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, नानकटाईत पुरण घातलंय का. सगळं संपलं.

---

तापीची_लेक | २६ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतेय. दिवाळीला भुसावळला आले. हज्जांनी दिलेला मनकाश आणि महलबची पुडी बॅगेत होती. आईबरोबर भट्टीवर गेले, पाच ट्रे नानकटाईचे आणि सहावा कहकचा. आमचे भट्टीवाले चाचा आता थकलेत, मुलगा दांडा चालवतो, ते खुर्चीवर बसून हिशोब बघतात. सहावा ट्रे बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

“बेटी, ये तो नानकटाईच है. सिंगार जरा ज्यादा कर दिया.”

मी एक पुढे केलं, कैरोची ईदची मिठाई आहे म्हटलं. ते खाऊन ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मोहन कम है.”

सहाशे ग्रॅम घातलं होतं हो! आई शेजारी उभी राहून हसत होती. पैसे देताना त्यांनी पाचच ट्रेचे घेतले. सहावा ट्रे त्यांनी टेबलाखाली सरकवून ठेवला होता, तो काही परत मिळाला नाही.